तुळशीखालचं झाकण

गनेसीभैयांनी आमच्या घराची बेल कधी वाजवली नाही. बेल पुढच्या दाराला, आणि ते यायचे मागच्या गल्लीने. परसाच्या भिंतीपाशी उभे राहून दोन हाका मारायचे, "बिन्नू... ओ बिन्नू." बुंदेली घरांत लेकीबाळींना असं म्हणतात. मी तेव्हा पन्नाशीची, इंटर कॉलेजात हिंदी शिकवणारी. व्हरांड्यात माझ्या चपलेचा आवाज आला की पोरी गप्प होत. पण गनेसीभैयांनी मला बिन्नू ठरवलं ते ठरवलंच. आईला ते बाईसाब म्हणत. जुन्या मराठी घरांतल्या बायकांना झाशीत अजून तसंच म्हणतात.

त्यांचा धंदा सेप्टिक टँक उपसण्याचा. स्वतःचा टँकर होता, नगर निगमचा परवाना होता, आणि सिविल लाइंसपासून ओरछा गेटपर्यंत कुणाच्या अंगणात काय गाडलंय हे त्यांना तोंडपाठ होतं. "घर का मुँह सब देखत हैं बिन्नू, पेट हम देखत हैं," असं म्हणायचे.

हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहायला घेतलंय असं कुणाला वाटायला नको. कौतुक आहेच. पण त्या माणसाच्या पोटावर जो पाय आला तो माझा होता, आणि ही गोष्ट आजवर मी कुणाजवळ बोललेली नाही. आईजवळ तर नाहीच नाही.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी आमचा संडास तुंबला. बाबा रेल्वेतले हेडक्लार्क. विजेच्या पहिल्या बिलापासून सगळे कागद फायलीत लावून ठेवलेले. टाकीचा नकाशा तेवढा नाही. टाकी परसात आहे एवढंच आम्हाला ठाऊक. दोन टँकरवाले आले आणि "पूरा आँगन खोदना पड़ेगा" म्हणून गेले. तिसरे हे. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, गुळगुळीत दाढी. मला वाटलं बँकेतून कुणी आलंय. त्यांनी चपला काढल्या, हातात एक लांब सळई घेतली आणि अनवाणी परसात हिंडायला लागले. मध्येच आईला विचारलं, "बाईसाब, जेठ में सब सूख जात है, तब घास कहाँ हरी रहत है?"

आईने जास्वंदीकडे बोट केलं. त्यांनी तिथे सळईने चार ठिकाणी ठोकलं, मान तिरकी करून ऐकलं आणि टाचेने खूण केली. वीतभर मातीखाली झाकण निघालं. मग त्यांनी शर्ट काढला, त्याची घडी घालून टँकरच्या पुढच्या सीटवर ठेवली आणि कामाचे कपडे चढवले. परत जाताना पुन्हा तोच शर्ट, तीच घडी. त्यांचा ड्रायव्हर मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत एकाच बनियनवर असायचा आणि त्यावरून रोज बोलणी खायचा.

झाकण उघडल्या उघडल्या पाइप घालायचा नाही, हा त्यांचा नेम. उघडायचं आणि लांब जाऊन बसायचं, चांगला तासभर. "टंकी को साँस ले लेन दो." त्या तासात स्वयंपाकघराची खिडकी बंद, काडी ओढायची नाही, आईची उदबत्तीसुद्धा नाही. आई धुमसायची. ती सोवळ्याओवळ्याची कडक. पूजा थांबवायला सांगणारा माणूस तिला जन्मात पहिल्यांदाच भेटला होता. गनेसीभैयांसाठी पाण्याचा पेलाही तिने वेगळा ठेवला होता, परसातल्या कोनाड्यात पालथा. मी वर्गात पोरींना समतेवर निबंध घालायची आणि घरी आल्यावर त्याच पेल्यात त्यांना पाणी द्यायची. लिहायलाही लाज वाटते, पण आता सगळंच लिहायचं म्हटल्यावर तेवढं कशाला गाळा.

त्यांचं आणि आईचं पहिलं भांडण झालं ते गाळावरून. त्यांनी टाकी उपसली आणि तळाशी हातभर गाळ राहू दिला. आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ये क्या, पूरा साफ करो. पैसे पूरे लेते हो." आमच्याकडे भांडं घासायचं म्हणजे त्यात तोंड दिसलं पाहिजे.

"बाईसाब," गनेसीभैया शांतपणे म्हणाले, "दही जमाती हो तो जामन छोड़ती हो कि नईं?"

"छोड़ती हूँ."

"जेई जामन है. ये नईं रहेगा तो टंकी में मैला गलेगा कैसे?"

आईने तोंडाला पदर लावला. विरजणाची ही उपमा तिच्या इतकी मनात बसली की पुढे पंधरा दिवस तिने दही लावलं नाही आणि मलाही बाजारचं आणू दिलं नाही. पण गंमत म्हणजे तिला ते पटलं. रोज संडासात बाटलीभर फिनेल ओतायची तिची सवय होती, तीही गनेसीभैयांनी सोडवली. "इत्ता फिनेल डालोगी तो जामन मर जैहै," एवढंच म्हणाले. बाबांना पन्नास वर्षांत जे जमलं नाही ते या माणसाने एका वाक्यात केलं. त्यानंतर दिवाळीचा फराळ वाटायला निघाला की आईच म्हणायची, "कुंदा, गनेसीचा डबा भरलास का ग?"

त्यांचा दुसरा नेम मी शेजारच्या वकीलसाहेबांच्या घरी पाहिला. त्यांच्या टाकीत गाळ घट्ट बसला होता, पाइप ओढेना. वकीलसाहेब म्हणाले, एखादा माणूस आत उतरवा, फावड्याने काढा, वरचे वेगळे देतो. गनेसीभैयांनी झाकण लावलं, भोवतालची जमीन धुतली, पाइप गुंडाळला. "पाइप उतरेगा साब, आदमी नईं," म्हणाले आणि शर्ट घालून निघून गेले. वकीलसाहेबांनी दुसऱ्याच दिवशी दुसरा टँकर बोलावला. त्या लोकांनी एका माणसाच्या कमरेला दोर बांधून त्याला उतरवलं. त्याला त्या दिवशी काही झालं नाही. "देखा?" वकीलसाहेब भिंतीवरून मला म्हणाले, "बेकार के नखरे." मी हसले. हे सांगायचं कारण, काय घडू शकतं हे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येणार नाही.

मी गनेसीभैयांना एकदा विचारलंही होतं, एवढं कडक का म्हणून. ते पाइप धुवत होते. "बड़े भैया उतरे ते, एक साब की कोठी में," म्हणाले. "ऊपर नईं आए." मग त्यांनी पाणी मागितलं, आणि मी पेला भरायला गेले. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता तुळशीचं सांगते, कारण सगळं त्या तुळशीपाशी येऊन अडतं.

टाकीला दोन कप्पे असतात, मध्ये भिंत, त्या भिंतीला भोक. मैला एका कप्प्यात बसतो, पाणी दुसऱ्यात जातं. दोन कप्पे म्हणजे झाकणंही दोन. आमच्याकडे जास्वंदीजवळचं एकच सापडलेलं, आणि गनेसीभैया त्याच्यावरच भागवायचे. तिसऱ्या का चौथ्या खेपेला त्यांनी आई आत गेल्याचं पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "बिन्नू, दूसरो ढक्कन कहाँ है, हम जानत हैं." मी विचारलं, कुठे? त्यांनी बोट दाखवलं नाही, नुसती नजर वळवली. समोर आईचं तुळशीवृंदावन.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. बाबा गेल्यावर आईने वृंदावन बांधून घेतलं, तेव्हा गवंडी म्हणाला होता की इथे आयतीच दगडी फरशी आहे, पाया घालायला नको. आई केवढी खूश झाली होती. तुळशीनेच जागा दाखवली म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी तिथे दिवा, रोज अकरा प्रदक्षिणा, कार्तिकात थाटाने लग्न. आणि खाली हे.

"तुम्हाला कधीपासून माहीत?" मी विचारलं.

"पहले दिन से. सब्बल ठोकी ती तब्बई." सब्बल म्हणजे त्यांची सळई. मग म्हणाले, "दो जने जान गए, बहुत है. बाईसाब को काए बताएँ. उनकी सरधा है. पर बिन्नू, कभी पुताई कराओ, मरम्मत कराओ, तो बहाने से हटवा लइयो. एक ढक्कन से टंकी साँस नईं लेत."

मी हो म्हटलं. पुढची सात वर्षं मी हो म्हणत राहिले. घराला रंग दिला, गच्चीची दुरुस्ती केली, पण वृंदावनाला हात लावायची माझी छाती झाली नाही. आईला कळलं तर ती अन्नपाणी सोडेल, असं मी मनाशी धरलं होतं. खरं सांगायचं तर मला तिची बोलणी नको होती. ते दर खेपेला नुसतं एकदा वृंदावनाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहायचे. एकाच झाकणातून लांब पाइप वाकवून, सळईने ढोसून, दुप्पट वेळ खपून काम उरकायचे. तक्रार नाही.

मग आईचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं. हजार पौर्णिमा पाहिल्या म्हणून मुलं-नातवंडं मिळून म्हाताऱ्या माणसाला ओवाळतात, तो सोहळा. पुण्याहून माझा भाऊ सहकुटुंब, ग्वाल्हेरच्या मावश्या, इंदूरचे, सगळे मिळून तीसेक माणसं. आणि चार दिवस आधी संडासाचं पाणी उलटं वर आलं.

गनेसीभैया आले, पाइप घातला, पहिला कप्पा उपसला. पाणी पुन्हा वर. मधलं भोक बंद झालं होतं आणि दुसरा कप्पा गच्च भरलेला. त्यांनी मला परसाच्या कोपऱ्यात नेलं. "आज हटवा दो. मिस्त्री हम ले आहैं. तुलसी मैया को गमला में बिठा दैहैं, चार घंटा को काम है. दोनों ढक्कन खोल के रात भर छोड़ दैहैं, सबेरे साफ."

मी म्हटलं, नाही. चार दिवसांवर कार्य, त्यात तुळस हलवायची, आईला काय सांगू? कार्य झालं की नक्की.

"तब तक तीस जने कहाँ जैहैं?"

"कुछ तो कीजिए भैया. इतने साल किया ना."

मला घाई होती. आचारी आत वाट बघत होता, भावाचे पुण्याहून फोनवर फोन. माझा आवाज चढला. मी म्हटलं, "आपसे नहीं होता तो बता दीजिए, मैं दूसरा टैंकर बुला लूँगी. वो लोग तो उतर जाते हैं."

हे वाक्य मी म्हटलं. उतरा असं मी म्हटलं नाही, पण हे म्हटलं. या दोन्हींत फरक आहे असं मी स्वतःला किती वेळा पढवलं असेल, त्याला गणती नाही. हिंदीची मास्तरीण मी, वाक्याचा अर्थ कुठे असतो हे मला कुणी शिकवायला नको.

गनेसीभैयांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मग "हओ बिन्नू, तुम भीतर जाओ," म्हणाले. मी आत गेले आणि चिरोटे नीट सुटलेत का ते बघत बसले.

ड्रायव्हरची आरोळी आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गनेसीभैयांनी नेहमीसारखं तासभर थांबून, कमरेला दोर बांधून, शिडी लावली होती. खाली जाऊन मधलं भोक सळईने मोकळं केलं. ते झालंसुद्धा, आणि तुळशीखालच्या कप्प्यात कोंडलेला वायू त्या भोकातून इकडे आला. वर येताना तिसऱ्या पायरीवर हात सुटला. ड्रायव्हर आणि आचारी दोघांनी मिळून दोर ओढला. परसात त्यांना आडवं केलं तेव्हा ओठ निळे पडले होते. आई खिडकीतून विचारत होती, काय झालं ग. मी म्हटलं, चक्कर आली त्यांना, उन्हाने.

ते वाचले. मी सहा वर्षं हेच शब्द पुटपुटत आलेय, की ते वाचले. छाती मात्र कायमची गेली. चार पावलं चालले की थांबायचं.

हॉस्पिटलात तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा नगर निगमचे एक साहेब आले होते. टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. ज्याने उतरवला त्याच्यावर केस होते, आणि टँकरवाला आपल्या मनाने उतरला असेल तर त्याचा परवाना जातो. साहेबांनी विचारलं, कुणी उतरायला सांगितलं? मी पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मी बोलणार होते, असं मला वाटतं. तोंड उघडलंही असेल. पण त्याआधी गनेसीभैयांनी नाकावरची नळी बाजूला केली.

"काऊ ने नईं कही साब. हम अपने मन से उतरे."

साहेब माझ्याकडे वळले. "मैडम, आपने मना किया था?"

"जी," मी म्हटलं.

त्यांनी लिहून घेतलं आणि कागद पुढे केला. मी सही केली. गनेसीभैया छताकडे बघत होते. साहेब गेल्यावर मी त्यांना विचारलं, का उतरलात हो? खरंच दुसरा टँकर मी बोलावला असता का, कुणास ठाऊक.

"बुला लेतीं तो वे काऊ को उतार देते," ते धापा टाकत म्हणाले. "कोऊ अनजान. बाल-बच्चे वारो. हम तो टंकी जानत ते." आणि मग मलाच धीर दिला, "तुम जाओ बिन्नू. घर में काम है."

कार्य झालं. आईला एक्याऐंशी दिव्यांनी ओवाळलं. संडास व्यवस्थित चालत होता. पाहुण्यांपैकी कुणी म्हणालंही, एवढी माणसं पण कसली म्हणून गैरसोय नाही. आईने गनेसीभैयांसाठी लाडवांचा डबा वेगळा काढला, तो मी ड्रायव्हरच्या हाती पाठवला.

पाहुणे गेल्यावर मी धीर केला. आईला सांगितलं, वृंदावनाला तडा गेलाय, गवंडी म्हणतो हलवायला हवं. मी रडारड होणार म्हणून तयारीत होते. आई शेंगा निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हलवा की. तुळस काय दगडाला चिकटलीय?" दुपारपर्यंत जास्वंदीच्या अलीकडे नवा ओटा झाला, संध्याकाळी आईने तिथे दिवा लावला, अकरा प्रदक्षिणा घातल्या आणि आत येऊन मला म्हणाली की इथे वारा कमी लागतो, दिवा टिकतो.

गनेसीभैयांचा परवाना गेला. टँकर विकला. ते ओरछा गेटच्या आत राहतात हे मला ठाऊक होतं. दोनदा मी तिथवर गेले, वेशीपाशी भाजी घेतली आणि परत आले. नगर निगमात जाऊन खरं काय ते लिहून द्यावं असं अनेकदा मनात आलं. एकदा अर्जही लिहिला, चांगल्या शुद्ध हिंदीत. मग वाटलं, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, केस झाली तर पेन्शनचं काय. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता आई एकटी, तिला कुणाच्या भरवशावर टाकू. कारण शोधायला बसलं की माणसाला कारणांची कमी पडत नाही.

यंदा थंडीत आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होते. इलाइट चौराह्यावर आमची ई-रिक्षा गर्दीत अडकली. बाजूला एका कपड्यांच्या दुकानापुढे स्टुलावर चौकीदाराच्या निळ्या शर्टात गनेसीभैया बसलेले. शर्टाला इस्त्री होती. मी तोंड फिरवलं, पण आईने मोतीबिंदूच्या डोळ्यांनीही ओळखलं. "अरे, गनेसी."

ते उठले. दोनदा थांबून श्वास घेत रिक्षापाशी आले आणि वाकून आईला नमस्कार केला. आई त्यांना फैलावरच घ्यायला लागली, की कधी येत नाही, नवा टँकरवाला अगदी बेकार, दहा मिनिटंही थांबत नाही, झाकण उघडलं की घातला पाइप.

"हमने वो काम छोड़ दओ बाईसाब."

"काए?" आईने विचारलं.

गनेसीभैयांनी माझ्याकडे पाहिलं. आईसुद्धा माझ्याकडे पाहत होती. मध्ये कुणी साहेब नव्हते, कागद नव्हता, सही नव्हती. मला फक्त तोंड उघडायचं होतं. मी पर्समध्ये डॉक्टरची चिठ्ठी शोधायला लागले.

"उमर हो गई बाईसाब," ते म्हणाले.

पुढची गर्दी हलली. त्यांनी रस्त्यात उतरून, हात आडवा करून मागून येणाऱ्या मोटारसायकली थांबवल्या आणि आमची रिक्षा वळेपर्यंत तो हात तसाच धरून ठेवला. मग एका खांबाला टेकून उभे राहिले. मला छोट्या आरशात दिसत होते.

आईने शाल सारखी केली. "चांगला होता हो माणूस. पण हे लोक असेच ग, मध्येच काम सोडून देतात. भरवसा नसतो."

"हो," मी म्हटलं.